एक काज खाली

दोरा दातांनी तोडून टेलरबाईंनी शर्ट खिडकीच्या उजेडात धरला. काजं होती तिथेच होती. बटणांची रांग मात्र दोन बोटं वर सरकली होती. आता कितीही जपून लावा, गळ्याशी फुगा येणार आणि खाली एक टोक लोंबणार. नुसतं बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांनी शर्टाची घडी घातली आणि दिराच्या धुतलेल्या कपड्यांवर ठेवून दिली.

ज्येष्ठांच्या त्या निवासात धुलाईच्या खोलीशेजारी बाईंना एक मशीन मिळालं होतं. सगळ्यांचं उसवलं-फाटलं त्यांच्याकडेच यायचं. दीर मागाहून राहायला आले, तेव्हा लोकांना वाटलं, चला, घरचं माणूस सोबतीला आलं. बाईंनी हसून मान डोलावली होती.

तळमजल्यावर ज्याची त्याची खोली आणि ज्याची त्याची किल्ली. वरच्या मजल्याच्या दाराला कडी बाहेरून. तिथे भान हरपलेल्यांना कपडे दुसरे चढवतात, घास दुसरे भरवतात. वर कुणाला न्यायचं ते डॉक्टर ठरवत, पण मेट्रनबाईंची नजर आधी कपड्यांवर जाई. बाईंनी हे बरोबर हेरलं होतं.

बाईंच्या नवऱ्याला झटका आला तेव्हा त्याची फक्त वाचा गेली होती. "त्याला काही कळत नाही," हेच थोरले भाऊजी भरल्या घरात म्हणाले आणि थोरलेपणाच्या जोरावर त्याला परगावच्या एका संस्थेत टाकून आले. धाकट्या सुनेला कोण विचारतो! त्या दारात नवऱ्याने बाईंचं मनगट धरलं होतं. त्याला सगळं कळत होतं. पुढे तो तिथेच गेला, एकटा. भाऊजींनीही तसंच "मला कळतंय" म्हणून ओरडावं आणि कुणी ढुंकूनही बघू नये, एवढंच बाईंना हवं होतं. त्याशिवाय त्यांचा जीव निवणार नव्हता.

काम फत्ते होत होतं. सकाळी नाश्त्याला भाऊजी आले की कुणीतरी हटकून विचारी,

"काय काका, आरसा विकलात की काय?"

"अहो, मी नीटच लावली होती बटणं!"

"कालही असंच म्हणालात, काका," मेट्रनबाई हळूच म्हणत.

शेजारच्या टेबलावर बाई चहा पीत असत. तो चहा त्यांना कधी नव्हे इतका गोड लागे.

शेवटी मेट्रनबाईंनी डॉक्टरांना बोलावलं. तपासणीच्या दिवशी बाई जरा लवकरच डॉक्टरांच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊजी बाकावर बसले होते आणि अंगात कोरा शर्ट होता. लेकीने पाठवलेला असणार. दुकानातल्या घड्याही मोडल्या नव्हत्या. हा शर्ट बाईंच्या हाताखालून गेलाच नव्हता. सगळ्या मेहनतीवर पाणी! त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग नीट पाहिलं.

शर्टाचं एक टोक खाली लोंबत होतं. प्रत्येक बटण एकेक काज खाली गेलं होतं. वरती एक काज मोकळं राहिलं होतं आणि भाऊजी अंगठ्याने ते चाचपत बसले होते.

"धाकटे, तो कुठं राहिला गं?"

"कोण?"

"अगं, तुझा नवरा! मघाशी इथेच तर होता. त्याला म्हणावं, घाई करू नकोस, मी येतोय."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हा सुटला! आता ह्याला वर नेतील, लहान पोरासारखं भरवतील आणि हा मजेत भावाची वाट बघत बसेल. दाराला बाहेरून कडी लागली तरी ह्याला तिचा आवाज ऐकू येणार नाही. छे, असं चालणार नाही.

आतून मेट्रनबाईंनी हाक मारली.

"दोन मिनिटं हं!" बाईंनी सांगितलं, आणि खाली वाकून भराभर बटणं सोडली. मग एकेक करून नीट लावली.

"तुमचा भाऊ गेला, भाऊजी. तुम्ही पाठवलंत तिथे गेला. त्याला सगळं कळत होतं."

हळूहळू भाऊजींचा चेहरा उतरला.

"मी... पाठवलं."

"हो, तुम्ही. आता हे विसरायचं नाही. आज गुरुवार आहे, डॉक्टर विचारतील."

त्यांनी बाईंचं मनगट घट्ट धरलं. बाईंनी ते सोडवून घेतलं आणि त्यांना आत पाठवलं.

भाऊजी तळमजल्यावरच राहिले. बाईंनी त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणं उसवून जागच्या जागी शिवली.

"दिराचं किती करता हो!" मेट्रनबाई येता-जाता म्हणत.

रोज सकाळी बाई भाऊजींच्या खोलीत जात. ते हसून विचारत, "धाकटे, तो उठला का गं?" बाई गळ्यापासून सुरुवात करत. एकेक बटण लावत आणि बोलत जात. शेवटचं बटण लागेपर्यंत भाऊजींना सगळं आठवलेलं असे. मग त्यांची कॉलर सरळ करून बाई त्यांना नाश्त्याला घेऊन जात.