न धुतलेली विहीर

मासा पहिल्यांदा माझ्या बादलीत पडला. त्यात माझं कर्तृत्व एवढंच, की मी त्या वेळी आंघोळ करत होतो. तिरुवल्ल्याजवळ अलियम्माच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो आणि गावातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. नळातून लाल दोऱ्यासारखं काहीतरी आलं, वळवळलं आणि साबणाच्या पाण्यात मेलं. ते चिमटीत धरून मी खाली नेलं.

"अम्मच्ची, तुमच्या विहिरीत जंत झालेत."

अलियम्माने चष्मा लावला. "हे होय? हे येतंच. मीनम महिना लागला, पाणी तळाला गेलं, की एखादा येतो. मोरीत टाकायचा आणि वरून तांब्याभर पाणी. आजवर तुम्ही आंघोळच करत नव्हता की काय, सार?"

मी त्याचा फोटो काढून प्राणिशास्त्राच्या मंडळींना पाठवला. त्यांनी तो गांडूळ ठरवला आणि करमणूक म्हणून पुढे ढकलला. फिरत फिरत तो कोचीच्या एका विद्यापीठात डॉ. लिजी कुरुविलापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी ही बाई बसने दारात हजर. तिने भिंगातून पाहिलं आणि कपडे धुण्याच्या दगडावर मटकन बसली.

"याला डोळे नाहीत," ती म्हणाली. चांगलं स्थळ सांगून आल्यासारखा तिचा चेहरा उजळला होता.

गांडूळ नव्हे, मासा होता. आमच्या पायांखालच्या जांभ्या दगडात जी भोकं आणि भेगा असतात, त्यांतल्या अंधाऱ्या पाण्यात हा राहतो. तिथे बघण्यासारखं काही नसल्यामुळे त्याने डोळे ठेवलेले नाहीत. असा मासा याआधी कुणी नोंदवलेला नव्हता. लिजीने निबंध लिहिला. परीक्षकांनी कळवलं: नमुना एकच, तोही साबणात मेलेला आणि चिमटीत सोलला गेलेला. दुसरा धडका आणा, नाहीतर नवी जात म्हणू नका. लिजीचा प्रकल्प पुढच्या मार्चअखेरीस संपत होता आणि त्याबरोबर तिची नोकरीही. वर्षभर तिने आमच्या गल्लीतल्या नळांना जाळीच्या पिशव्या बांधून ठेवल्या. त्यांत गाळ मिळाला, एक बेडूक मिळाला, मासा नाही.

उरली एकच आशा. मीनममध्ये, म्हणजे मार्च-एप्रिलात, आमच्याकडे विहिरी उपसतात. पाणी पार खाली नेतात, गाळ काढतात, भिंती घासतात आणि वरून ब्लीचिंग पावडर टाकतात. पाणी खाली गेलं की मासा हाताशी येणार.

"शनिवारी ये, मोळे," अलियम्मा तिला म्हणाली. ती लिजीला मुलगीच म्हणायची. "विहीर तुझ्यासमोर उपसू."

शनिवारी सकाळी लिजी जाळ्या, नळ्या आणि हवेचा छोटा पंप घेऊन आली. फाटकापाशीच तिच्या नाकाला कळलं. आदल्या दिवशी कॉलेजातून उशिरा येऊन मी झोपलो होतो; मला तर ब्लीचिंगचा वास झोपेतच कळला होता. विहिरीला आतून बाहेरून चुना लागला होता. दोर नवा होता. पाणी इतकं स्वच्छ, की तळाची शिंपली मोजता आली असती. जिवंत काही नव्हतं.

"अम्मच्ची, विहीर आज उपसायची होती ना?" लिजीने विचारलं.

"कालच उरकली. विद्यापीठातून माणूस बघायला येणार आणि मी त्याला घाण विहीर दाखवू?" अलियम्मा म्हणाली. "बघ कशी केलीय. ब्लीचिंगही दुप्पट टाकलं. आणि हे बघ, तुझ्यासाठी." तिने बादलीवरचं ताट काढलं. आत हातभर लांबीचा वराल मासा होता. डासांच्या अळ्या खायला आमच्याकडे विहिरीत मासा सोडतात. "उद्या वास गेला की सोडते. तू माशांचीच ना? म्हटलं, हिला बरं वाटेल."

अलियम्माच्या मनात वाईट काहीच नव्हतं. लिजी त्याच दगडावर परत बसली. रडली नाही, फक्त हातातली नळी गुंडाळत राहिली, उलगडत राहिली.

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर पणिक्करांचं डोकं उगवलं. प्रभाकर पणिक्कर वीज मंडळातून निवृत्त झालेले. भिंतीवरच्या फणसाच्या झाडावरून त्यांचा आणि अलियम्माचा कोर्टात दावा चालू आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्याशी बोलतात. पणिक्करांची विहीर निवृत्तीपासून कुणी उपसलेली नाही. पाणी स्वतःची काळजी स्वतः घेतं, हे त्यांचं तत्त्व. अलियम्मा त्या विहिरीचं वर्णन चर्चमध्येही करते.

"सार, त्या बाईंना सांगा," पणिक्कर म्हणाले, "काल दिवसभर पंप लावून माझ्या विहिरीतलं पाणी ओढलंत. माझ्या नळाला गाळ येतोय. आणि तुमच्या नव्या दोराचे लाल धागेही."

"सार, त्यांना सांगा," अलियम्मा म्हणाली, "माझा दोर निळा आहे. डोळे तपासा म्हणावं."

"धागे लालच आहेत. पुरावा म्हणून बरणीत ठेवलेत. वकिलाला दाखवणार आहे."

लिजीची नळी थांबली. "अंकल, धागे हलतात का?"

"हलतात म्हणजे, पाण्यात आहेत तर हलणारच."

त्या भिंतीवरून दावा लागल्यापासून कुणी गेलं नव्हतं. लिजी गेली. साडी सांभाळत, फणसाच्या फांदीला धरून. मी फाटकाने फिरून गेलो, कारण माझं वय तसं आहे.

पणिक्करांच्या ओट्यावर लोणच्याची मोठी बरणी होती. आतल्या गढूळ पाण्यात तीन लाल दोरे एकमेकांना टाळत फिरत होते. अखंड, कातडीसकट आणि डोळ्यांवाचून. लिजीने भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"खालचं पाणी एकच आहे," शेवटी ती म्हणाली. "अम्मच्चींची विहीर उपसली, ब्लीचिंग पडलं, तसे हे भेगांमधून तुमच्याकडे सरकले असतील. अंकल, बरणी मला द्या."

"पुरावा देता येत नाही."

तिने नोकरीचं सांगितलं, मार्चचं सांगितलं. पणिक्कर ऐकत होते, बरणीवरचा हात मात्र उठत नव्हता. "पाणी एक आहे, हे तू कबूल केलंस. त्या बाईंनी कबूल करावं. आमचं पाणी ओढलं, एवढं साक्षीदारासमोर म्हणावं. मग बरणी न्या."

साक्षीदार मीच होतो. मी भिंतीशी जाऊन निरोप दिला. अलियम्माने पलीकडे उभ्या लिजीकडे पाहिलं. मग चुना लावलेल्या विहिरीकडे. या गल्लीत तिला कुणी कशाला कबूल झालेलं पाहिलेलं नाही. तिचा नवराही न पाहताच गेला.

"सार, त्यांना सांगा, ओढलं असेल पाणी." तिने बादलीवर ताट परत ठेवलं. "आणि सांगा, त्याला वास येत होता."

पणिक्करांनी पहिला भाग ऐकला आणि बरणी सोडली.

लिजी बरणी छातीशी धरून फाटकाने परत आली. "थांब, मोळे," अलियम्मा पुढे झाली, "बाहेरून किती चिकट आहे ती. निदान झाकण तरी धुऊन देते."

"अम्मच्ची," लिजी म्हणाली, "कशालाही हात लावू नका."

विहिरीत सोडला तर लाल मासे खाईल, त्यामुळे बादलीतल्या वरालला आता नोकरी उरली नव्हती. दुपारी त्याचं कुडंपुळीचं आंबट घालून कालवण झालं. लिजी माशांवरच काम करते, तरी तिने दोनदा वाढून घेतलं. एक वाडगा मी भिंतीवर ठेवला. संध्याकाळी तो रिकामा परत आला. धुतलेला नव्हता.

निबंध छापून आला आणि लिजीची मुदत वाढली. माशाला गावाचं नाव मिळालं. पणिक्करांच्या मते ते त्यांच्या विहिरीचं असायला हवं होतं. अलियम्माचं म्हणणं वेगळं. "शेजारी जाऊन राहिला म्हणून कुणाचं घराणं बदलतं का, सार? विचारा त्यांना."

लिजीच्या सांगण्यावरून यंदाच्या मीनममध्ये अलियम्माने विहीर उपसलेली नाही. कडेला शेवाळ धरलंय. ती रोज तिथे उभी राहते, झाडूला हात लावते आणि काढून घेते. रविवारी चर्चमधल्या बायका आल्या, तर आधी विहिरीवर चादर घालते.