आकड्यातून निसटलेल्या प्लेटलेट

मित्रांनो, एकच डोळा म्हणून मला हसू नका. मी रक्त तपासायच्या खोलीतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी अंग, खाली छोटा आरसा आणि स्वभाव थोडा तिरसट. पूर्वी इथे एक रीत होती. रक्तातला कुठलाही आकडा फार कमी आला, की काचपट्टी माझ्याखाली ठेवून डोळ्यांनी खात्री करायची. तेव्हा माझा केवढा मान! मग मोजणी करणारे यंत्र आले. नव्याचे नऊ दिवस म्हणत मी वाट पाहिली. नऊ वर्षे झाली, मी कपाटावर धूळ खातच होतो.

गेल्या महिन्यात समोरच्या वॉर्डात शिवणकाम करणारी एक मुलगी आली. अंगभर निळे-काळे डाग, नाकातून रक्त. वाहते रक्त थांबवण्याचे काम प्लेटलेट नावाच्या चिमुकल्या पेशी करतात. शरीरात रोगांशी लढणाऱ्या राखणदार पेशीही असतात. हिच्या राखणदारांनी आपल्याच प्लेटलेटना चोर ठरवले होते आणि पोटातली प्लीहा त्यांना गिळत होती. कुंपणानेच शेत खाल्ले, दुसरे काय! राखणदारांना शांत करणारी औषधे देऊन झाली. शेवटी प्लेटलेट जास्त तयार करायला लावणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, गुरुवारी सकाळपर्यंत आकडा तीस हजारांवर गेला नाही, तर दुपारी प्लीहा काढायची. इतक्या कमी प्लेटलेटवर सुरी चालवणे म्हणजे जिवाशी खेळच.

गुरुवारी यंत्राने सांगितले, अकरा हजार. मुलीची आई रिपोर्ट देण्याच्या खिडकीशी उभी होती.

"बाई, आज किती?"

रक्त तपासणाऱ्या बाईंनी आकडा सांगितला.

"असं कसं हो?" आई म्हणाली. "तीन दिवसांत नवा डाग नाही. काल बटण लावताना तिला सुई टोचली, तर रक्त लगेच थांबलं."

सही करता करता बाईंचा हात थबकला. आदल्या दोन दिवसांचे आकडेही त्यांनी यंत्रावर विसंबून तसेच पुढे पाठवले होते.

त्यांनी मला खाली काढले. खरे सांगतो, मी घाबरलो. भिंगावर वाळलेल्या तेलाचा थर, स्क्रू गंजलेला. वॉर्डातून निरोप आला, "पेशंटला तयार करताहेत, रिपोर्ट द्या." बाईंनी भिंग पुसले, पुन्हा पुसले. रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढून रंगवला, आरसा उजेडाकडे फिरवला. मला नुसता धुरळा दिसत होता. मी चुकीचे दाखवले तर? पोर जिवानिशी जायची!

स्क्रू एकदाचा फिरला. समोर प्लेटलेट होत्या, आणि केवढ्या थोराड! नव्या, ताज्या, काही तर लाल पेशींएवढ्या. यंत्र आकार पाहून मोजते. या थोरल्यांना ते लाल पेशींतच धरत होते. बाई ओठ हलवत मोजत राहिल्या. भरवसा वाटेना, म्हणून दुसऱ्या पट्टीवरही मोजल्या. पंचेचाळीस हजारांच्या आसपास.

बाईंचा निरोप मिळताच डॉक्टर धावत आले आणि बराच वेळ माझ्यातून पाहत राहिले.

"गोळ्या लागू पडल्यात," ते म्हणाले. तिथूनच फोन करून त्यांनी ऑपरेशन थांबवले.

बाई स्वतः खिडकीशी गेल्या. "ऑपरेशन टळलं. पण परवापासून मी स्वतः न बघताच सही करत होते. चूक माझी आहे."

"परवापासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही हो," आई म्हणाली.

मित्रांनो, यंत्रावर माझा राग नाही. शिकवले तेवढे ते बिचारे मोजते. वाईट एवढ्याचेच वाटते, की मी चार हातांवर होतो आणि कोणाला आठवलो नाही. जुन्या वस्तू पुसूनबिसून ठेवा, कधी कामाला येतील सांगता येत नाही. आणि कागदावरच्या आकड्याने कोणाच्या जिवाचा निर्णय होणार असेल, तर सही करण्याआधी खिडकीशी उभ्या असलेल्या आईचेही ऐका.