दोनशे एकेचाळीस ठसे

मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यातलं हजेरीचं घड्याळ बोलतोय. कामगार माझ्या तोंडात कार्ड घालतो, मी त्यावर तारीख-वेळ छापतो. साहेब असो की झाडूवाला, मी कुणासाठी एक मिनिट मागे-पुढे केलं नाही. चौदा वर्षं हाच माझा माज.

एक्क्याण्णवनंतर देशात खुलं धोरण आलं म्हणे. आमचं गेट मात्र अरुंद झालं. कायम कामगारांच्या हाती स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. त्यांच्या जागी बाबासो ठेकेदाराची माणसं आली.

वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम व्हायचा हक्क सांगता येतो. म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ द्यायचा, म्हणजे काही दिवस कामावरून काढायचं, ही सगळीकडची रीत. पण हात बसलेल्या बायका घरी पाठवल्या तर पॅकिंग अडतं. बाबासोनं शक्कल काढली: बाई तीच, नाव नवं. वेणूबाई तीन वर्षं तीन नावांनी राबली. तिचं बोट मशीनमध्ये गेलं तेव्हा कंपनी म्हणाली, वेणूबाई नावाचं इथे कुणी नाहीच. मला संताप आला.

वेणूबाईच्या शेजारी काम करणाऱ्या गोजरानं हे पाहिलं होतं. महिन्याची भरलेली कार्डं बाबासो रद्दीत टाकायचा. ती आपली तेवढी उचलून घरी न्यायची. तिचे दोनशे छत्तीस दिवस झाले आणि दुसऱ्या सकाळी बाबासोनं तिच्यापुढे ‘पुतळा’ नावाचं कार्ड धरलं.

"नाव बदलतंय, पगार तोच हाय. कशाला टेन्शन घेतेस?"

"पुतळा आली की तिला द्या," ती म्हणाली. "मी गोजरा हाय."

तिनं आपलंच कार्ड माझ्या तोंडात घातलं. मी असा दणकून ठसा मारला की वॉचमन दचकला. न्हावा शेव्याच्या बंदरात माल जायचा होता, म्हणून पाच दिवस तिला कुणी अडवलं नाही. सहाव्या दिवशी माल गेला आणि तिलाही ठसा मारू न देता काढलं; जाताना तिनं चालू महिन्याचं कार्डही सोबत नेलं.

आता कोर्टात कंपनी म्हणते, तिची कार्डं बनावट आहेत. मला भिंतीवरून उतरवून गोदामात गोणपाटाखाली टाकलंय. हजेरी बाबासोच्या वहीत गेली. पण वीज दिली तर मी अजून चालतो. वाचकहो, तुमच्यात कुणी वकील असेल तर मला साक्षीला न्या. कोरं कार्ड घाला, ठसा जुळवून बघा. नाव कुणीही खोटं लिहील. दिवस मी छापलेत, आणि ते गोजराचे आहेत.