तूरडाळीतला दाखला

शुक्रवारी दुपारी तीन वाजता ओवीने तिसऱ्यांदा कपाट उपसलं, तेव्हा यामिनी ओट्याशी कांदा चिरत होती. कांद्याचं एक बरं असतं, डोळ्यांत पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही.

"आई, बाबाच्या फाइलमध्येच होता. आय सॉ इट! मेझमामाचा बाप्तिस्म्याचा दाखला."

"असेल गं इथेच कुठेतरी," यामिनी म्हणाली. आपला आवाज इतका गोड निघाला याची तिची तिलाच लाज वाटली.

इथेच कुठेतरी! बाईसाहेबांनी मंगळवारी स्वतःच्या हातांनी तो तूरडाळीच्या डब्यात खुपसला होता. पार तळाशी.

आता गोष्ट अशी. ओवीचा बाबा, वाहे सार्किसियन, आर्मेनियन. त्याची आई शाके, म्हणजे ओवीची मेझमामा, बेरूतहून सिडनीला आलेली. दोघंही आता नाहीत. ओवी तेवीस वर्षांची, नुकतीच फिजिओथेरपिस्ट झालेली. आर्मेनियात आदल्या वर्षी युद्ध झालं, आणि तिथल्या ग्युमरी शहरात जखमींना पुन्हा चालायला शिकवण्यासाठी एक संस्था जगभरातल्या आर्मेनियन पोरांना स्वयंसेवक म्हणून नेत होती. अट एकच. आजी-आजोबांपैकी एक जण तरी आर्मेनियन असल्याचा शिक्क्याचा कागद हवा, नुसत्या आडनावावर भागत नाही. तो आज पाचच्या आत पोचला नाही तर जागा दुसऱ्याला. आणि कोविडमुळे, संस्थेचं पत्र असल्याशिवाय ऑस्ट्रेलियाचं सरकार देशाबाहेर सोडणार नव्हतं.

पाच वाजून गेले की डाळ काढताना दाखला अगदी अचानक सापडणार, असा यामिनीचा बेत होता.

२०२१ चा ऑगस्ट. कॅनबेराला लॉकडाऊन लागून आठवडा झालेला. खिडकीतून दिसणारी गुंगालिन भागातली ट्राम, लाइट रेल, रिकामीच जायची. बाहेरदेशी गेलेली हजारो माणसं परत येता येईना म्हणून अडकून पडली होती. अशात एकुलती एक पोर युद्धाच्या मुलखात धाडायची? छे! नावच नको.

चारच्या सुमारास ओवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. केसांत धूळ, डोळे लाल.

"तुला मी जायला नकोच आहे ना? जस्ट से इट."

"नकोय!" यामिनी एकदम भडकली. "तिकडे गेलीस आणि इथली दारं बंदच राहिली तर? तुला काही झालं तर मी कुणाच्या दाराशी जाऊन उभी राहू?"

"आणि आजीच्या वेळी?"

यामिनीची सुरी थांबली. मे महिन्यात पुण्यात तिची आई गेली. जायच्या परवानगीचा अर्ज केला होता, त्याचं उत्तर यायच्या आतच गेली. भावाने, राजीवने, धरलेल्या फोनवर यामिनीने तिला शेवटचं पाहिलं होतं.

"तू इथे, याच फरशीवर बसून ओरडत होतीस," ओवी म्हणाली. "'माझ्या माणसांकडे जायला मला अडवणारे हे कोण?' मी तुला धरून बसले होते, आई."

एवढं बोलून ती गॅरेजमधले खोके बघायला निघून गेली.

यामिनी तशीच उभी. अडवणारे हे कोण! आता अडवणारी तीच होती, आणि तेही चोरून. तिने डबा खाली ओढला, कोपरापर्यंत हात घातला आणि दाखल्याचं पाकीट बाहेर काढलं.

पाकीट ओलं लागलं.

"अगं बाई गं!"

एरंडेल! लॉकडाऊन लागला म्हणून दहा किलो डाळ आणली होती आणि किडा लागू नये म्हणून आईच्या रीतीने वाटीभर एरंडेल चोळून भरली होती. गेल्या रविवारीच. तीन दिवस त्या डाळीत दाखला मुरला होता. कागद पापडासारखा आरपार दिसत होता. शाकेचं नाव कसंबसं लागत होतं, पण शिक्का? चर्चच्या शिक्क्याचा नुसता जांभळा डाग उरला होता. त्या कागदाची दुसरी प्रत कुणी कधी काढली नव्हती, आणि बेरूतहून मागवायची तर महिने गेले असते.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाकीट पुन्हा तळाशी खुपसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ती दाखला घेऊन गॅरेजमध्ये गेली.

ओवी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागद उजेडाकडे धरला, वास घेतला.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"तीन दिवस मी शोधत होते. आणि तू मला चहा करून देत होतीस." ती खोक्यावर बसली. "संपलं. शिक्क्याशिवाय नाही घेत ते."

यामिनीने तेलकट हात तीन-चारदा धुतले असतील. मग ती लॅपटॉपपुढे बसली. ऑफिसात वीस वर्षं इतरांची पत्रं घासूनपुसून देणारी ही बाई, आज तिला चार ओळी सुचेनात. शेवटी साध्या इंग्रजीत खरं तेच लिहिलं. दाखला खरा आहे. तो माझ्या सासूचा आहे. खराब मी केला. मुलगी परत येऊ शकणार नाही या भीतीने मी तो डाळीत लपवला. तिचा यात काही दोष नाही. तिला न्या. खाली सही, पत्ता, फोन. दाखल्याचा स्कॅन जोडला. ओवीने मागे उभं राहून वाचलं.

चार बेचाळीसला संस्थेला मेल गेली. पंचेचाळीस. पन्नास. यामिनी पडद्याकडे बघत होती, आणि नकार यावा की होकार, हे तिचं तिलाच कळेना. नाही, कळत होतं. होकार यावा, देवा, एवढा एक होकार.

चार सत्तावन्नला उत्तर आलं. शिक्क्याऐवजी आईचं पत्र फाइलला लावलं आहे. मुलाखत सोमवारी.

मुलाखत झाली, संस्थेचं पत्र आलं, सरकारची परवानगीही आली. ओवी घरात हवं-नको एवढंच बोलायची. पासपोर्ट ती उशीखाली ठेवून झोपायची, अंघोळीला जातानाही सोबत न्यायची. यामिनी नुसती बघायची. काय बोलणार? तोंड होतं कुठे बोलायला!

निघायच्या आदल्या सकाळी ओवी स्वयंपाकघरात आली. तिने पासपोर्ट आईच्या हातात दिला.

"मी बॅग भरतेय. उद्यापर्यंत तू ठेव."

यामिनीला हुंदका आवरेना.

"डाळीत नको हं," ओवी म्हणाली.

यामिनीने तो जेवणाच्या टेबलावर, अगदी मधोमध ठेवला आणि दिवसभर तिथून हलली नाही.