बादली भरून ठेवणारे गाव

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. पोलंडमधल्या ओल्शिंका नावाच्या लहान गावात, चर्चसमोरच्या बाजारचौकात मी उभा आहे. अंग बिडाचे, दांडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला. माझ्या पोटातला चामड्याचा वायसर लाइब खोगीरवाल्याने कापला. तो बसवल्यावर त्याने एक भरलेली बादली माझ्या पायाशी ठेवली आणि सांगितले, "पाणी नेणाऱ्याने पुढच्यासाठी एवढी ठेवायची. वरून पाजल्याशिवाय हा खालचं देत नाही."

तीच गावाची रीत झाली. बायका माझ्यापाशी एकमेकींच्या बदकांवरून भांडत, पण बादली रिकामी ठेवून कोणी जात नसे. ईस्टरच्या सोमवारी तर माझा मान मोठा. पोरे पोरींना भिजवत. कोरडी राहील तिला वर्षभर लग्नाचे कोणी विचारीत नाही, अशी समजूत. चौकातल्या घरातली तरुण गेनोवेफा दाराआड लपे, पण घागऱ्याचे टोक बाहेर दिसेल अशी.

मग युद्ध आले. एका सकाळी लाइबसकट त्याच्या गल्लीतल्या सगळ्या यहुदी माणसांना जर्मन शिपायांनी चौकात उभे केले. ऊन चढले. मुले माझ्याकडे बघत होती. बादली भरलेली होती. ती उचलून कोणी त्यांच्यापर्यंत नेली नाही. बंदुका होत्या, हे खरे. खिडक्यांत माणसे होती, गेनोवेफाही होती. दुपारी त्यांना नेले. बादली तशीच भरलेली राहिली.

त्यांच्या घरांत दुसरे लोक आले. बादलीची रीत कोणी ठरवून मोडली नाही, पण पुढे ती कोणी पाळलीही नाही. घरोघरी नळ आले. गिरणी बंद पडली, तरुण परदेशी गेले. माझे चामडे वाळत राहिले.

यंदा नगरपालिकेने मला बुजवायचे ठरवले. म्हातारी गेनोवेफा रोज जाऊन त्यांच्याशी भांडली. शेवटी ते म्हणाले, ईस्टरच्या सोमवारी पाणी आले तर राहू देऊ.

सोमवारी ती दोन बादल्या घेऊन आली. पालिकेचा झेनोन गवंडी बाकावर बसला होता.

"आजी, यंदाही कोरडीच? आता कोण विचारणार तुला?"

"तुझ्या आजोबांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं, म्हणून तुझ्यासारखा नातू त्यांच्या वाट्याला आला."

तिने एक बादली माझ्यात ओतली आणि दांडा हलवला. मी सगळे पाणी प्यालो, पण वर काही देऊ शकलो नाही. ती दमेपर्यंत दांडा हलवत राहिली. झेनोनने उठून हळूच तिचा हात दांड्यावरून सोडवला. "चामडं गेलंय, आजी. ते कापणारं आता कुणी नाही."

दुसरी बादली तिने ओतली नाही. माझ्या पायाशी ठेवली.

"ही कुणाला?" त्याने विचारले.

ती रिकामी बादली उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी झेनोन आला. सिमेंट कालवायला त्याला ते पाणी आयतेच मिळाले.

मित्रांनो, आता सिमेंट माझ्या गळ्यापर्यंत आले आहे. माझ्यासाठी काही करू नका. फक्त एवढे लक्षात ठेवा, बादली भरून ठेवणे पुरेसे नसते. चौकात माणसे उभी आहेत तोवर ती उचलून त्यांच्याकडे न्यावी लागते.