डाव्या बाजूचे तीन पीळ

घरी तिला सूनबाई म्हणत आणि मैदानावर बसबाई. ती शाळेची बस चालवायची. सकाळी एक फेरी, दुपारी एक. दुसरी फेरी संपली की बस डेपोत लावायची आणि तशीच मागच्या मैदानावर तिरंदाजीच्या सरावाला जायची. चार वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. बाणांचा नेम अधूनमधून चुके, ती गोष्ट वेगळी.

त्या सोमवारी सराव अर्ध्यात आला असताना मास्तरांनी तिच्या हातातलं धनुष्य काढून घेतलं. खालच्या चाकाजवळ दोरीचे दोन धागे तुटून कुसळासारखे उभे राहिले होते.

"या दोरीवर आता एकही बाण मारायचा नाही," मास्तर म्हणाले. "सुटली तर तोंडावर येईल."

तिचं धनुष्य कंपाउंड जातीचं होतं. दोन टोकांना दोन चाकं, त्यांच्यावरून फिरणारी एक मुख्य दोरी आणि दोन केबल. सगळं कायम ताणलेलं, त्यामुळे दोरी नुसत्या हाताने निघत नाही. धनुष्य प्रेसमध्ये धरून दाबावं लागतं, तेव्हा कुठे ती सैल पडते. गावात हे काम करणारा एकच माणूस होता, तो वर्षापूर्वी दुसरीकडे निघून गेला. दुकानात फोन केला तर त्यांनी सहा आठवडे सांगितले. निवड स्पर्धा होती बाराव्या दिवशी. नव्या दोऱ्यांचा संच तिने आधीच मागवून कपाटात ठेवला होता, पण तो चढवायचा कुणी?

क्लबच्या कोठीत एक जुना प्रेस गंजत पडला होता. मास्तर तो द्यायला तयार होते, फक्त त्यांचं म्हणणं असं की शेजारी जाणता माणूस असेल तरच हात लाव, एकटीने घरी खेळ नको.

जाणता माणूस घरातच खिडकीपाशी बसलेला असतो, हे तिच्या दुसऱ्या दिवशी बस चालवता चालवता लक्षात आलं.

तिचे सासरे, अण्णा, अडतीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. दोर, चाकं, भार आणि तोल यांतच त्यांचा जन्म गेला. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण डाव्या हातातली ताकद गेली. तेव्हापासून सगळे त्यांना जपत होते. म्हणजे त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. औषध घेतलं का, एवढं सोडून.

सूनबाईने धनुष्य त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "अण्णा, याच्या दोऱ्या बदलायच्या आहेत. मला येत नाही. तुम्ही सांगाल का?"

त्यांनी उजव्या हाताने चाक चाचपून पाहिलं. किती भार येतो, विचारलं. एक चाक दुसऱ्याच्या पुढे धावलं तर काय होतं, विचारलं. तिने सांगितलं की दोन्ही चाकं एकदम थांबायला हवीत, नाहीतर बाण वरखाली होतो. मग तिने सगळ्या भागांची नावं सांगितली. या वाकणाऱ्या पात्यांना लिंब म्हणतात, हे ऐकून अण्णा थबकले.

"पिळायचं की कापायचं?" त्यांनी विचारलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागल्या. अण्णांनी विनोद केल्याला बराच काळ झाला होता.

बुधवारी प्रेस घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर बसला. सासूबाईंनी विचारलं, आता ताटं काय मांडीवर मांडू? त्यांचा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, बेकरीत कामाला होता. पहाटे जायचा तो, दुपारी येऊन झोपायचा. तो म्हणाला की आपण उभ्याने जेवू, लग्नात नाही का जेवत. अण्णांनी प्रेसचा स्क्रू रॉकेलने पुसायला लावला, तेल घालायला लावलं, आणि लिंबाला धरणाऱ्या आकड्यांपैकी एकावरचं रबर फाटलेलं दिसल्यावर काम तिथेच थांबवलं. नवीन रबर बसेपर्यंत गुरुवारची संध्याकाळ झाली.

अण्णांचा पहिला नियम असा की सोडायच्या आधी मोजायचं. तिने वहीत सगळं लिहिलं. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर, मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, प्रत्येक केबल कोणत्या खाचेतून जाते ते. चाकं जिथे उभी होती तिथे पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. दुसरा नियम असा की भार असलेल्या दोरीच्या रेषेत तोंड न्यायचं नाही. मग तिने लिंबांचे बोल्ट दोन्हीकडून सारखे वेढे सैल केले आणि स्क्रू फिरवायला घेतला. अण्णा टेबलाच्या टोकाला, भिंतीला डावा खांदा लावून बसले होते आणि बंदूक रोखावी तसे धनुष्याच्या लांबीवर नजर लावून बघत होते.

"आणखी अर्धा वेढा. थांब. आता घे काढून."

जुन्या दोऱ्या निघाल्या. नव्या चढवताना एक केबल अवघड गेली. तिचं वरचं टोक दोन पायांत फाटलेलं असतं. एक पाय आसाच्या डावीकडे अडकवायचा, दुसरा उजवीकडे. डावा पाय अडकवताना तिच्या बोटांतून निसटला. तिने पुन्हा धरून बसवला.

"दोन्ही पायांचे पीळ सारखे आहेत ना?" तिने विचारलं. तिचे दोन्ही हात गुंतले होते, बघणं अण्णांकडे होतं.

"सारखे," अण्णा म्हणाले.

शुक्रवारपासून कागदाची परीक्षा सुरू झाली. घरामागच्या शेडमध्ये चौकटीला कागद ताणून लावायचा, चार पावलांवरून त्यातून बाण मारायचा आणि भोक बघायचं. बाण सरळ गेला तर मधे एक गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा. तिचा कागद मात्र डावीकडे बोटभर फाटला. बाणाचं शेपूट डावीकडे ओढलं जात होतं.

अण्णांनी तपासलं. चाकं खुणेवर होती, एकदम थांबत होती. त्यांनी बाण टेकायचा आधार केसभर सरकवायला सांगितला. कागद तसाच फाटला. शनिवारी मुख्य दोरीला अर्धा पीळ दिला, मग काढला. रविवारी अख्खी सकाळ गेली. प्रत्येक वेळी प्रेस लावायचा, मोजायचं, लिहायचं, उतरवायचं, शेडमध्ये जायचं. फाटलेल्या कागदांचा गठ्ठा वाढत गेला आणि प्रत्येकावर तिने तारीख आणि काय बदललं ते लिहून ठेवलं. नवरा म्हणाला, या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तिने नवा कागद लावला.

सोमवारी अण्णा जरा चिडूनच म्हणाले की दोरीत काही खोट नाही, तुझी मूठ वळत असेल. तिलाही तसंच वाटलं. तिने मूठ बदलून पाहिली, बोटं सैल सोडून पाहिली. शेवटी ती धनुष्य घेऊन मैदानावर गेली आणि मास्तरांना मारायला लावलं. मास्तरांचा कागदही तसाच, डावीकडे बोटभर फाटला.

म्हणजे खोट धनुष्यातच होती.

मंगळवारी संध्याकाळी तिने धनुष्य प्रेसमध्ये बसवलं, पण स्क्रूला हात न लावता आधी स्वतः वाकून बघितलं. वरचं चाक किंचित कललेलं होतं. तिने केबलच्या दोन पायांचे पीळ बोटाने मोजले. उजव्या पायात नऊ. डाव्यात सहा. त्या दिवशी निसटला तेव्हा तीन पीळ उलगडले होते.

"अण्णा, जरा या दोन पायांकडे बघता का पुन्हा?"

अण्णांनी आपल्या नेहमीच्या जागेवरून बघितलं. डोळ्यांत तेल घालून बघावं तसं, चांगलं मिनिटभर. "सारखे आहेत," ते म्हणाले.

ती धनुष्याकडे बघायची सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांची नजर उजव्या पायावर होती आणि तिथून हलत नव्हती. त्यांच्या डाव्या खांद्यावर कायम एक काळानिळा डाग असतो, दाराची चौकट लागते म्हणतात, ते तिला आठवलं. वर्तमानपत्र ते हल्ली अर्ध्यावर टाकून देतात, तेही आठवलं. बस चालवणारी बाई ती. डावीकडचा आरसा नसता तर काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

युक्तीने त्यांच्या तोंडून काढून घ्यावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. तिने तसं केलं नाही. खुर्ची ओढून ती त्यांच्या उजव्या हाताला बसली.

"अण्णा, डावीकडचं दिसतं का तुम्हाला?"

त्यांनी धनुष्यावरून नजर काढली. मग म्हणाले, "त्या दिवसापासून नाही. अर्धं जगच कुणी पुसून टाकल्यासारखं आहे."

डॉक्टरांना का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. ते म्हणाले की सांगितलं असतं तर खाली चौकापर्यंत एकट्याने जाणंही बंद झालं असतं. आणि मग तू धनुष्य आणून ठेवलंस. एवढ्या महिन्यांत कुणी काम घेऊन आलं नव्हतं, तेव्हा नाही म्हणवलं नाही. उजवा दिसतो तसाच डावा असणार, असं धरून चाललो. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. "लिफ्टच्या कामात मी असं धरून चाललो असतो, तर मला कुणी पायरीवरही उभं केलं नसतं. तुला पाच दिवस फुकट राबवलं."

तिलाही राग आला होता. पाच दिवस थोडे नव्हते, आणि शनिवार चार दिवसांवर होता. पण काम समोर पडलं होतं आणि ते करणारी हीच दोन माणसं होती.

"निवड होईपर्यंत मी घरात कुणाला बोलणार नाही," ती म्हणाली. "शनिवारनंतर तुम्ही स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार, तुम्ही. आणि आता या केबलचं काय करायचं ते बोला."

अण्णांनी मान हलवली. थोडा वेळ त्यांनी टेबलाचा अंदाज घेतला. मग उठले, भिंत सोडली, आणि टेबलाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेले. तिथून बघितलं की इकडची डावी बाजू त्यांच्या उजवीकडे येत होती. खुर्ची तिकडे आणायला लावली. चष्मा पुसला.

"हं. कललंय," ते म्हणाले. "आता दिसतंय. इथून पुढे प्रत्येक गोष्ट दोन टोकांवरून बघायची. आधी मी इथून, मग तिथून, आणि मग तू."

वेळ दुप्पट लागला. डाव्या पायाला एक पीळ, मोजणं, उतरवणं, शेड, कागद. चीर लहान झाली. दुसरा पीळ, आणखी लहान. तिसऱ्या पिळानंतर तिने बाण मारला आणि कागद काढून अण्णांच्या उजव्या बाजूला धरला. मधोमध एक भोक आणि तीन चिरा. अण्णांनी त्या भोकावरून बोट फिरवलं आणि आणखी दोन कागद मागितले. एका कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. तिन्ही सारखे आले.

नवी दोरी भाराखाली बसते, थोडी लांबते, हे अण्णांना कुणी शिकवायला नको होतं. बुधवारी आणि गुरुवारी मिळून तिने दोनशे बाण मारले, परत येऊन मोजलं, एक केबल अर्ध्या पिळाने घट्ट केली. शुक्रवारी काहीही हलवायचं नाही, असा अण्णांचा हुकूम होता.

शनिवारी पन्नास मीटरवर बहात्तर बाण. पहिल्या अर्ध्यात ती पाचवी होती. तिच्यासारखे रोज कामावरून येऊन सराव करणारे तिथे फार नव्हते. शेवटून दुसऱ्या फेरीत वेळ संपत आल्याचा दिवा लागला आणि तिने एक बाण घाईने सोडला. तो सात गुणांच्या वर्तुळात गेला. आठ जण निवडले गेले. ती नववी आली, दोन गुणांनी.

संध्याकाळी टेबलावर ताटं परत आली होती. तिने निकाल सांगितला, बाण घाईने सोडला हेही सांगितलं. नवरा म्हणाला की जुनं धनुष्य, घरी बसवलेल्या दोऱ्या, त्या मानाने नववी म्हणजे कमालच. ती म्हणाली, धनुष्याने काही चूक केली नाही, तो बाण माझा होता, आणि पुढच्या निवडीला पाच महिने आहेत.

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मला डावीकडचं दिसत नाही," मापं सांगावीत तशा आवाजात ते म्हणाले. "झटका आला तेव्हापासून. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने एकदम चार प्रश्न विचारले. सासूबाईंनी मात्र वाटी पुढे सरकवली.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आठ महिने तुमचा चहा उजवीकडे ठेवते. तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते."

सूनबाईला हसू आवरलं नाही, आणि मग सासूबाईंनाही.

सोमवारी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेली बाजू परत येईल असं नाही, पण मान वळवून बघायची सवय लावता येते. ठरवून, मोजून, रोज. ती लागली तर चौकात जाणं सोपं होईल.

"रोज किती वेळा?" अण्णांनी विचारलं.

शंभर म्हटलं तर कराल का, असं डॉक्टर हसत म्हणाले. अण्णांनी सूनबाईला वही काढायला सांगितली आणि आकडा लिहून घेतला. परत येताना जिन्याच्या दारात ते थांबले. आधी मान पूर्ण डावीकडे वळवली, चौकट बघितली, मग पाय पुढे टाकला.

"एक," ते म्हणाले.