भाऊ घरी येऊन गेले

खुशालराव शिव्या द्यायचे तोवर मला त्यांची भीती वाटली नव्हती. ते कोणत्या पक्षाचे, ते विचारू नका. माझ्या देखत दोन बदलून झालेत. पक्ष कोणताही असो, भाषणात पत्रकारांचा उद्धार ठरलेला. आम्हाला 'विकाऊ' म्हणायचे, आणि पत्रकार परिषदेत मी प्रश्न विचारायला उभी राहिले की उठून चालू लागायचे. मीही त्यांच्याबद्दल कधी गोड लिहिलं नाही. शिव्या परवडतात, समोरचा माणूस कुठे उभा आहे ते तरी कळतं.

अकोल्याच्या एका दैनिकासाठी मी अकोटहून बातम्या देते. मागच्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावात नळ कोरडे होते आणि भाऊंची, म्हणजे खुशालरावांची, संत्र्याची बाग मात्र हिरवीगार. गावाच्या नळयोजनेचं पाणी बागेत वळवतात, हे सगळ्यांना माहीत होतं. बोलायला कोणी तयार नव्हतं. अखेर दुर्गाबाई तयार झाल्या. त्या बागेत मजुरीला जायच्या आणि पाण्याचा व्हॉल्व त्यांनाच फिरवायला लावायचे.

"मी सांगतो नं माय. नाव टाकजो माह्यं, भेत नाही मी," त्या म्हणाल्या होत्या.

संपादकांची अटही तीच होती. नावानिशी बोलणारं माणूस आण, मगच छापतो. दुर्गाबाई रविवारी कॅमेऱ्यासमोर बोलणार होत्या.

शनिवारी सकाळी आमच्या गल्लीत तीन गाड्या येऊन थांबल्या. खुशालराव उतरले, चपला दाराबाहेर काढल्या आणि माझ्या आईला वाकून जयभीम केला.

"माय, चहा पाजता काय?"

दारी आलेल्याला चहाला नाही कसं म्हणणार? आई आत गेली. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो ओढणीखाली धरून बसले. आता धमकी देतील, नाहीतर पाकीट काढतील. दोन्हींची मी तयारी करून ठेवली होती. भाऊ उन्हाचं बोलले. कूलरचं बोलले. चहा बशीत ओतून सावकाश प्याले. श्रावण नावाचा त्यांचा माणूस दारात उभा राहून फोटो काढत होता.

"काय काम काढलं भाऊ?" मी विचारलं.

"काई नाही ताई. काम असलं तरच यावं काय बहिणीच्या घरी?"

निघताना मात्र ते उंबऱ्याबाहेर थांबले. गल्ली गोळा झालीच होती. माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "चिंता करू नका रश्मीताई. तुमचं काम होऊन जाईन."

"कोणतं काम?" मी ओरडले. गाड्या निघाल्या होत्या.

दुपारपर्यंत फोटो तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. त्यात मी चक्क हसतेय. कधी हसले, मलाच आठवत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. दुर्गाबाईंचा फोन बंद लागत होता. स्कूटी काढून थेट त्यांचं गाव गाठलं.

दार अर्धंच उघडलं.

"मावशी, ते आपणहून आले होते. मी काहीच बोलले नाही त्यांच्याशी. हे ऐका, रेकॉर्डिंग आहे."

त्यांनी उभ्याउभ्या सगळं ऐकलं. ऊन, कूलर, चहाचा भुरका. मग भाऊंचा तो मोठा आवाज, 'तुमचं काम होऊन जाईन.' माझा प्रश्न गाड्यांच्या आवाजात विरला होता. माझंच रेकॉर्डिंग, आणि ते ऐकताना माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

"तुमचं झालं नं काम?" दुर्गाबाई म्हणाल्या. "मंग आमाले काहून मारता? मले उद्याही त्याच बागेत जा लागते."

दार लागलं. त्यांच्यावर रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यांच्या जागी मी असते तर दार उघडलंच नसतं. संपादकांना फोन केला, तर ते म्हणाले, "फोटो पाहिला. बातमीचं नंतर बघू." पुढे काही विचारलंही नाही.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले. मला रडू येत होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मी आत चहा करून राहिली होती, तवा तू भाऊले स्वप्निलचं सांगितलं काय?"

स्वप्निल माझा धाकटा भाऊ. बी.एड. होऊन घरीच बसलाय.

"नाही गं आई. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. शप्पथ!"

"बरं, नको सांगू. असं कोनापाशी बोलाचंच नसते," आई म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली.

माझी एकही बातमी आईने आजवर वाचली नव्हती. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिला माझ्या नोकरीचा अभिमान वाटत होता.